बिल्ला नसलेलं गाडगं

१

रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराला शालिकराम बावणकर अंघोळ आटोपून मोहाच्या झाडाखाली आला आणि पाहतो तो फांदीला गाडगं नाही.

आधी त्याला वाटलं, आपण फांदी चुकलो. काल संध्याकाळी दिवे लागल्यावर टांगलं होतं, उजेड बेताचाच होता. त्याने झाडाला एक फेरी मारली. मग दुसरी मारली. ज्या लोखंडी आकड्याला त्याने स्वतःच्या हातांनी दोन गाठी मारल्या होत्या, तो टोकाचा आकडा रिकामा होता. सुतळीचा धागासुद्धा शिल्लक नव्हता.

गाडग्यात शीलाची राख होती.

शीला त्याची बायको. भादव्यात गेली. तिसऱ्या दिवशी मुलाने, मोहितने, अस्थी वैनगंगेत सोडल्या. पण सरण विझवताना शालिकरामने दोन ओंजळी राख बाजूला काढून ठेवली होती. अशी राख छपराखाली न्यायची नाही आणि जमिनीला टेकवायची नाही, म्हणून बालाघाटच्या घरी अंगणातल्या पेरूला मडकं टांगून ठेवलं. पाच महिने ते तिथेच होतं. सकाळचा चहा तो पेरूखाली बसून प्यायचा.

ही राख उनपाण्याची होती. शीलाने तसं सांगितलं होतं. उनपाणी म्हणजे परसवाड्याच्या पलीकडे जंगलातलं एक लहान गाव. जमिनीतून उकळतं पाणी वर येतं. गोंडांनी कधीकाळी तिथे कुंड बांधलं, पुढे खाणींच्या इंग्रज साहेबांनी दगडी न्हाणीघरं बांधली. ज्यांची हाडं दुखतात ते अजून तिथे येतात. शीला दर थंडीत शेजारच्या बायांसोबत दोन दिवस यायची. शालिकराम एकदाही आला नव्हता. वनखात्याच्या नाक्यावरची नोकरी, सुट्टी मिळत नाही, हे त्याचं ठरलेलं उत्तर होतं. निवृत्तीनंतरही तेच उत्तर चाललं.

जायच्या आधी ती म्हणाली होती, "मूठभर राख उनपान्याच्या ओघळीत सोडजा. जलमभर हाडं थंडीनं दुखले. मेल्यावर तरी उबेत राहीन."

पाच महिने त्याच्याने ते झालं नाही. शेवटी वसंता खोब्रागडेने त्याला ओढून काढलं. वसंता त्याचा चाळीस वर्षांचा मित्र. तिरोडीच्या खाणीत हाजरीच्या खिडकीवर आयुष्य गेलेलं. "शनवार-इतवार चाल. मोटारसायकल माही. तुले फक्त मांगं बसाचं हाये अन् गाडगं धराचं हाये," असं म्हणून तो दारात येऊन उभाच राहिला होता.

आणि आता धरायला काही नव्हतं.

वसंता न्हाणीघरातून डोकं पुसत आला. शालिकरामचा चेहरा पाहून त्याने वर पाहिलं, मग खाली जमिनीकडे पाहिलं. टॉवेल खांद्यावर टाकला.

"शालिक," तो म्हणाला, "पाय हलवू नको. जिथं उभा हायेस, तिथंच राह्य."

२

झाडाखालच्या तुडवलेल्या मातीवर पांढुरके गोल डाग होते. खोडापासून फांदीच्या टोकापर्यंत एका ओळीत. वसंताने मोजले. सात.

"हे काय होये?"

"थेंब सुकलेत," मागून कोणीतरी म्हणालं. "कुंडाचं पानी सुकलं का पांढरं पडते."

ती तुळसाबाई होती, कुंडावरची गाळवाली. पन्नाशीची, हातात खराटा. तिचं काम एकच: शनिवारी दिवे लागायच्या वेळेला कुंडाच्या तळाचा काळा गाळ काढायचा आणि ज्याला न्यायचा त्याच्या गाडग्यात भरून द्यायचा. गाडग्याच्या बुडाला भोक असतं. रात्रभर ते झाडाला टांगलं की पाणी निथळतं आणि गाळ राहतो. उजाडायच्या आधी, पहाटेच्या पहिल्या बसने लोक तो घेऊन जातात. घरी पोचेपर्यंत गाडगं उघडायचं नाही आणि खाली टेकवायचं नाही, अशी रीत. गाडग्याच्या गळ्याला तुळसाबाई पितळेचा नंबरी बिल्ला बांधते. नेणाऱ्याने बिल्ला सोडून टिनाच्या डब्यात टाकायचा आणि आपलं गाडगं न्यायचं.

"काल किती होते?" वसंताने विचारलं.

"सात. सात बिल्ले देल्ले, सात डब्यात आले. मोजून घ्या."

"अन् आठवं?"

"आठवं कोनाचं? मी सातच टांगले. बिल्ल्याबिगर गाडगं टांगाले हे काय तुमच्या घरचं झाड हाये?"

 शालिकरामने तिला सांगितलंच नव्हतं. फाटकावर पाटी होती: कुंडाच्या आवारात अस्थी आणण्यास मनाई आहे. पाटी वाचून तो गप्प बसला. सकाळी कुंडाबाहेर, गरम पाणी जिथे नाल्यात पडतं तिथे राख सोडायची आणि निघायचं, असा त्याचा बेत होता. तोवर छपराखाली नेता येत नव्हती, म्हणून झाड.

"काही फुटलं-बिटलं का?" वसंताने विचारलं.

"नाई," तुळसाबाई म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली, आणि खराटा घेऊन निघून गेली.

धर्मशाळेचा मॅनेजर हिरालाल दात घासत बाहेर आला होता. आता लपवण्यात अर्थ नव्हता. शालिकरामने खरं ते सांगितलं. हिरालालच्या तोंडातला फेस तोंडातच राहिला.

"काका, बोर्ड पढा नहीं क्या?"

"वाचला."

"फिर भी?"

"हौ. तरीबी."

"तूच काढलं असशील," वसंता म्हणाला. "बोर्डवाला तू."

हिरालाल चिडला. "मले मालूम राह्यतं तं मी गुपचूप काढलं असतं का? आख्खी धर्मशाळा उठवली असती. रातभर मले झोप आली असती का? माकडानं नेलं असंल. इथं माकडं लई."

वसंताने आकडा हाताने चाचपला. "माकड सुतळी तोडते. तोडली असती तं तुकडा आकड्याले राह्यला असता. इथं दोन गाठी होत्या. कोनीतरी उभं राहून, नीट, दोन्ही सोडल्या."

शालिकरामच्या मनात दुसराच किडा वळवळत होता. काल परसवाड्याच्या बाजारात मोहितचा फोन आला होता. राख प्रयागला न्यायची असं त्याचं म्हणणं. "तुमच्याने होत नसंल तं मैं खुद ले जाऊंगा," असं तो ओरडला होता. बाप उनपाण्याला निघालाय हेही त्याला ठाऊक होतं.

"पहिले त्याले विचार," वसंता म्हणाला. "नाहीतं दिवसभर तोच डोक्यात राहीन."

न्हाणीघरामागच्या टेकडीवर फोनला एक कांडी मिळाली. मोहित नागपुरात होता. कुकरची शिट्टी ऐकू येत होती, सून विचारत होती कोणाचा फोन म्हणून. शालिकरामने झालं ते सांगितलं. 

"बाबा," मोहित म्हणाला, "मम्मी गुम हो गई?"

शालिकरामने फोन बंद केला.

खाली उतरताना वसंता कुंपणाशी थांबला. घाणेरीच्या झुडपात तुळसाबाईने सकाळचा केर लोटला होता. पालापाचोळ्यात काहीतरी लाल दिसत होतं. त्याने काटकीने उकरलं.

गाडग्याची खापरं होती.

३

शालिकराम तिथेच खाली बसला. त्याला एवढंच दिसत होतं: गाडगं पडलं, फुटलं, आणि शीला खराट्याने केरात गेली.

"उठ," वसंता म्हणाला. "पहिले पाह्य, मंग रड. तुवं गाडगं कुठलं होतं?"

"परसवाड्याचं. तुह्याच समोर घेतलं ना. जुन्या मडक्याले तडा गेलता."

"कुंभारीण काय म्हनली?"

"उनपान्याले चालले का, म्हनली. मी हौ म्हनलं. तं तिनं हेच देल्लं, बुडाले भोकवालं."

"अन् भोकाचं तू काय केलं?"

"कापूस कोंबला. राख गळाले नको म्हून."

वसंताने बुडाचं खापर त्याच्या हातात दिलं. भोक मोकळं होतं. आतल्या बाजूला काळा गाळ चिकटलेला होता, अजून ओला. राखेचा कण नव्हता.

"हे तुवं नोहे. हे गाळाचं हाये."

शालिकरामने ते खापर उलटंपालटं करून तीनदा पाहिलं, तेव्हा कुठे त्याचा श्वास खाली बसला.

मग वसंताने गळ्याचं खापर उचललं. त्याला सुतळी होती, पण बिल्ला नव्हता. गाठ सोडून काढून घेतलेला. त्याने तुळसाबाईला हाक मारली. तिने खापरं पाहिली आणि खराटा भिंतीला टेकवून ठेवला.

"फुटलेलं होतं," ती म्हणाली. "पाच वाजता आली तं खाली पडून होतं. गाडगं फुटनं वंगाळ असते. लोक म्हनतात, तुळसाची गाठ कच्ची. म्हून झाडून टाकलं. कोनी बोंबललं नाई, तं मी म्हनलं जाऊ दे."

"हेच तं," वसंता म्हणाला. "काहून बोंबललं नाई? बाई, ज्याचं फुटलं त्याले तुमी दुसरा गाळ देता का?"

"नाई. शनवारी एकदाच. मंग आठ दिवस कुंडाच्या बुडाले कोनी हात लावत नाई. मी बी नाई."

वसंता झाडाखाली गेला आणि डागांच्या ओळीत उभा राहिला. एरवी थट्टेखोर माणूस, पण आता हाजरीच्या खिडकीवर बसल्यासारखा सावकाश बोलू लागला.

"शालिक, खाणीत मानूस आत जाये तं बिल्ला लावून जाये, बाहेर आला का काढून घेये. संध्याकाळी एक बिल्ला लटकला दिसला तं एक मानूस आत हाये. तीस वर्षं मी हेच पाह्यलं. इथं सात बिल्ले परत आले. म्हंजे सातही जन गेले. पन सातातलं एक तं फुटलं. मंग त्या सातव्यानं काय नेलं? रिकाम्या हातानं गेला असता तं तुळसाबाईच्या नावानं शिव्या देत गेला असता. थो गुपचूप गेला. कारन त्याच्या हातात गाडगं होतं."

"माहं," शालिकराम म्हणाला.

"तुवं. आता पाह्य, कोनाचं फुटलं. सहा डाग गोल हायेत. हा एक फिसकटलेला हाये. खोडापासून कितवा?"

शालिकरामने मोजला. पाचवा.

"तुळसाबाई, तुमी नंबरानंच टांगता?"

"नंबरानंच. खोडाकून."

हिरालालने वही आणली. पाचव्या बिल्ल्यासमोर लिहिलं होतं: समीक्षा, तिरोडी. फोन नंबर नव्हता.

शालिकरामच्या कपाळाची शीर उठली. "आठ गाडगे होते. माहंच काहून उचललं तिनं? माहंच काहून?"

"बाकी सहाले बिल्ला होता. थे कोनाच्या तरी दुखन्यासाठी होते. तुवं बेवारस. अन् उचलून पाह्यलं असंल तं हलकं, सुकं. तिले वाटलं मागच्या शनवारचं हाये, मालक इसरला." वसंताने गळ्याचं खापर खाली ठेवलं. "अंधारात तिचं फुटलं. तरी वाकून फुटक्या गळ्याचा बिल्ला सोडला अन् डब्यात टाकला. चोर असती तं टाकला असता का? तिनं कोनाचा हक्क मारला नाई. तिच्या मतानं."

 गाडग्याला बिल्ला नव्हता, कारण शालिकरामने स्वतःच तोंड उघडलं नव्हतं. ते त्याच्या ध्यानात आलं. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली.

"तुळसाबाई," त्याने विचारलं, "हा गाळ लावतात कधी?"

"आजच. इतवारी, दिवस मावळाच्या आत. पान्यात कालवून, गुडघ्याले."

४

वसंताची भाची पिंकी तिरोडीतच राहते. टेकडीवर चढून फोन लावायचा तर दहा मिनिटांचं काम. वसंताने खिशातून फोन काढलासुद्धा.

"नको," शालिकराम म्हणाला.

"अरे, थांबव म्हनून तं सांगू."

"काय सांगशीन? मेलेल्या बाईची राख हाये म्हून? थे घाबरन. नालीत फेकन, नाहीतं रस्त्यावर. आपन जाऊ. माह्या हातानं आनतो."

वसंताने फोन खिशात टाकला आणि किक मारली.

परसवाडा, मग घाटाचा रस्ता, मग बालाघाट. वैनगंगेच्या पुलावर शालिकरामने सवयीने हात जोडले. कटंगीला वसंताने गाडी थांबवून दोन केळी घेतली, शालिकरामने एकही खाल्लं नाही. मागे बसून त्याचे हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. काल पूर्ण रस्ता त्याने गाडगं छातीशी धरलं होतं. शीला मागे बसायची तेव्हा एक हात त्याच्या खांद्यावर ठेवायची. हे कालपासून त्याला दहा वेळा आठवलं होतं, पण वसंताला सांगावंसं वाटलं नाही.

तिरोडी आली तेव्हा एक वाजून गेला होता. रस्त्याच्या कडेची माती खाणीमुळे काळसर. वसंताला इथे सगळे ओळखत होते. पानवाल्याला त्याने नुसतं विचारलं, "समीक्षा, कोनाची सून?"

"सीताबाईची. फाटकाजवळ, निळं दार. काहून, काका?"

"काम हाये."

निळं दार उघडंच होतं. अंगणात ऊन भरलेलं. उन्हात बाज टाकलेली आणि बाजेवर एक म्हातारी दोन्ही पाय लांब करून बसलेली. लुगडं मांड्यांपर्यंत वर खोचलेलं. गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत राखाडी लेप होता. कडांना वाळून त्याला बारीक भेगा पडू लागल्या होत्या.

"या भाऊ," म्हातारी म्हणाली. "बसा. मले उठता येत नाई. गाळ लावला हाये."

५

समीक्षा पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली. पंचविशीची, केस अजून प्रवासातले. दोन अनोळखी म्हातारे पाहून तिने पदर सावरला.

वसंता हळूच म्हणाला, "पोरी, आमी उनपान्याहून आलो. पाच नंबर."

तिने तांबे खाली ठेवले. तिने सासूकडे पाहिलं आणि न बोलता दोघांना घरामागे नेलं. तिथे शेवग्याच्या झाडाला गाडगं टांगलेलं होतं. जमिनीला टेकवलेलं नव्हतं. शालिकरामने आत पाहिलं. निम्मी राख उरली होती.

"काका, माहं फुटलं," समीक्षा म्हणाली. "आकड्यावरून सुटलं अन् पडलं. बस हॉर्न मारून राह्यलती. आई दोन महिन्यांपासून खाटेवर हायेत. मी घरी कोनाले न विचारता एकटी गेलती, रिकाम्या हातानं कशी येऊ? त्या गाडग्याले बिल्ला नव्हता. मी तुमचे पैसे देते, नाहीतं पुढच्या शनवारी दुसरा..."

"पोरी, थो गाळ नोहे," शालिकराम म्हणाला.

मोटारसायकलवर त्याने पुष्कळ बोलणं जुळवलं होतं. त्यात राग होता. आता तोंडात आलं ते एवढंच. "माही बायको हाये त्याच्यात."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तशी ती झाडाच्या बुंध्याला धरून खाली बसली आणि आपल्या दोन्ही हातांकडे पाहत राहिली. याच हातांनी तिने कालवलं होतं. नखांत अजून राखाडी होतं.

"कालवताना मले वाटलं," ती म्हणाली, "गाळाचा वास काहून येत नाई. मी म्हनलं, जुना असंल."

वसंता तिच्याशेजारी उकिडवा बसला.  अंगणातून म्हातारीची हाक आली.

"सुनबाई, पाव्हन्याले चहा तं टाक! अन् एकाले इकडं पाठव, मी एकटीच बसून हाये."

शालिकराम गेला. बाजेसमोरच्या स्टुलावर बसला. नजर गुडघ्यांकडे जाऊ नये म्हणून तो निळ्या दाराकडे पाहू लागला. मग त्याने पाहिलंच.

"कुठले तुमी?" सीताबाईने विचारलं.

"बालाघाट."

"घरी कोन कोन?"

"मी. पोरगा नागपूरले."

"अन् बाई?"

"गेली. भादव्यात."

"अग बाई." सीताबाईने तोंडाला पदर लावला. "काय होतं तिले?"

"बरंच होतं. गुडघे तं लई दुखत."

"मंग तिले बी हा गाळ लावाले पाह्यजे होता."

"लावे," शालिकराम म्हणाला. "दर साली जाये."

"तुमी नेत होते?"

त्याने मान हलवली. नाही अशी.

 सीताबाईने पाय जरासा वाकवून पाहिला, आणि भेगांमधून थोडी राख बाजेच्या सुंभावर पडली. "ऊब चांगली धरते हा," ती स्वतःशीच म्हणाली.

शालिकरामने ती राख बोटांनी टिपून घेतली. सीताबाईला वाटलं, पाहुणा बाज झाडतोय.

चहा झाल्यावर समीक्षाने त्याला दाराशी गाठलं. डोळे सुजले होते, पण आवाज ठाम होता. "काका, आईले मीच सांगन. माह्या हातून झालं, मीच सांगन. पन आज नोको."

"धुताना नालीत जाऊ देऊ नको," शालिकराम म्हणाला. "एवढं कर."

तिने तसंच केलं. दिवस मावळताना सासूला घमेल्यात पाय ठेवायला लावून कोमट पाण्याने धुतलं आणि ते पाणी बावनथडीत नेऊन सोडलं. वसंता तिच्यासोबत नदीपर्यंत गेला. बौद्ध माणूस, असले विधी त्याने कधी मानले नव्हते. पण पाणी सोडताना त्याने डोक्यावरची टोपी काढली, असं समीक्षाने नंतर शालिकरामला सांगितलं.

पुढच्या शनिवारी शालिकराम पुन्हा उनपाण्याला गेला. या वेळी त्याने फाटकावरच हिरालालला सगळं सांगितलं. हिरालालने कपाळाला हात लावला आणि मग स्वतःच पुढे होऊन, कुंडाचं पाणी नाल्यात पडतं ती जागा दाखवली. मोहितही आला होता. उरलेली राख दोघांनी मिळून सोडली. पाणी इतकं गरम होतं की मोहितने हात मागे घेतला. शालिकरामने घेतला नाही.

याला आता दोन महिने झाले. सीताबाई काठी घेऊन दारापर्यंत चालते. मधल्या काळात शालिकरामने वसंताच्या हातून तिला दोनदा खरा गाळ पाठवला. वसंता भेटला की ती त्याच्याजवळ निरोप देते: बालाघाटच्या भाऊले सांगा, पहिल्या खेपेसारखाच गाळ पाह्यजे, नंतर पाठवला त्यानं गुन येत नाई. वसंता निरोप पोचवतो. शालिकराम ऐकून घेतो. दर वेळी तो समीक्षाला फोन लावतो आणि ती म्हणते, या इतवारी सांगते.

सीताबाईला अजून कोणी सांगितलेलं नाही.